व्हिपल ऑपरेशन कुठे करावं? 'वर्षाला किती होतात' या आकड्याबद्दल थोडं सविस्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडील ६३ वर्षांचे, भंडाऱ्याजवळच्या गावी राहतात. महिनाभर अंगाला खाज सुटत होती, मग डोळे पिवळे झाले. सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ निघाली आणि व्हिपल ऑपरेशन, म्हणजे गाठीसकट स्वादुपिंडाचं डोकं काढायचं मोठं ऑपरेशन, सांगितलं. नागपूरच्या धंतोलीतल्या ज्या छोट्या हॉस्पिटलात दोन वर्षांपूर्वी आईचं पित्ताशय काढलं, तिथले सर्जन म्हणतात, 'मी करतो हे ऑपरेशन, वर्षाला तीन-चार होतात.' दुसरं एक मोठं हॉस्पिटल आहे. त्यांच्या बोर्डावर वर्षाला हजारो शस्त्रक्रिया झाल्याचं लिहिलंय, पण तारीख मिळतेय तीन आठवड्यांनंतरची. मामा म्हणतात, मोठ्या ठिकाणी पेशंट म्हणजे बेड नंबर, ओळखीच्या डॉक्टरकडेच करा. आणि तुम्ही विचारताय की संख्येने खरंच काही फरक पडतो का, की ही नुसती जाहिरातबाजी?

मी भूलतज्ज्ञ आहे. नागपुरात बरीच वर्षं फिरतं काम केलं, म्हणजे सकाळची केस रामदासपेठेत, दुपारची धंतोलीत, संध्याकाळी सिझेरियनसाठी सक्करदऱ्याला. त्यामुळे एकच सर्जन तीन वेगवेगळ्या ओटींमध्ये काम करताना पाहायला मिळाला, आणि ऑपरेशननंतरच्या रात्रीही पाहायला मिळाल्या. त्या जोरावर हे लिहितोय. वडिलांना मी तपासलेलं नाही, सीटी पाहिलेला नाही, म्हणून 'इथे करा, तिथे करू नका' असं मी सांगणार नाही. कसा विचार करावा तेवढं सांगतो.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर: या ऑपरेशनला संख्येने फरक पडतो, आणि चांगलाच पडतो. आईच्या पित्ताशयाला तो जवळजवळ पडत नव्हता. त्यामुळे आईचा चांगला अनुभव खरा असला तरी वडिलांच्या निर्णयात तो फारसा कामाचा नाही. आणि तुम्हाला दोन्हीकडून मिळालेल्या आकड्यांपैकी मोठ्या हॉस्पिटलचा 'हजारो'वाला आकडा तर तुम्ही विसरूनच जा. त्यात मोतीबिंदू, सिझेरियन, हर्निया, फ्रॅक्चर सगळं आलं. त्यातले व्हिपल किती, हे बोर्डावर कुठेच नाही.

ही काही नवी कल्पना नाही. १९७९ साली लुफ्ट, बंकर आणि एन्थोव्हेन या तिघांनी अमेरिकेतल्या १,४९८ हॉस्पिटलांमधली बारा प्रकारची ऑपरेशन्स तपासली. उघड्या हृदयाची ऑपरेशन्स, रक्तवाहिन्यांची, दुर्बिणीतून प्रोस्टेटची, अशा प्रकारांत जिथे वर्षाला २०० किंवा अधिक केसेस होत होत्या तिथे मृत्यूचं प्रमाण २५ ते ४१ टक्क्यांनी कमी निघालं. पण त्याच अभ्यासात पित्ताशयाच्या ऑपरेशनचा आणि संख्येचा काही संबंध दिसला नाही. आईचं ऑपरेशन असं या दुसऱ्या टोकाला बसतं म्हणून मुद्दाम सांगितलं; वडिलांचं पुढच्या अभ्यासात येतं.

पुढे २००२ मध्ये बर्कमायर आणि सहकाऱ्यांनी सुमारे २५ लाख ऑपरेशन्सची नोंद तपासली. तिथे स्वादुपिंडाचा फरक सगळ्यात मोठा निघाला. जिथे हे ऑपरेशन क्वचितच, वर्षाला एकही धड होत नव्हतं, तिथे १६.३ टक्के पेशंट दगावले. जिथे वर्षाला १६ हून जास्त होत होते तिथे ३.८ टक्के. आणि मानेतल्या रक्तवाहिनीच्या एका ऑपरेशनला त्याच पद्धतीने तोललं तर १.७ आणि १.५, म्हणजे फरक नसल्यात जमा. हे आकडे नव्वदच्या दशकातले, अमेरिकेतल्या वयस्कर पेशंटचे आहेत. ते उचलून नागपूरला लावायचे नाहीत, आज दोन्हीकडचं प्रमाण वेगळं असेल. पण संख्येचा परिणाम ऑपरेशनप्रमाणे बदलतो, ही गोष्ट नंतरच्या अनेक अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसली आहे.

आता हे असं का, ते समजून घ्या. ते समजलं की हॉस्पिटलात काय विचारायचं ते तुम्हाला आपोआप सुचेल.

व्हिपलमध्ये स्वादुपिंडाचं डोकं, त्याला चिकटलेलं लहान आतड्याचं पहिलं वळण, पित्तनळीचा खालचा भाग, पित्ताशय आणि बरेचदा जठराचा थोडा भाग काढतात. मग तीन नवे जोड करतात: स्वादुपिंड आतड्याला, पित्तनळी आतड्याला, जठर आतड्याला. पाच ते आठ तास लागतात. ऐकायला सगळी कसरत त्या पाच-आठ तासांतलीच वाटते, आणि नातेवाईकही ओटीच्या दाराकडे डोळे लावून बसतात. सर्जन बाहेर येऊन 'ऑपरेशन छान झालं' म्हणाले की पेढे यायचेच बाकी असतात. प्रत्यक्षात टेबलावर पेशंट जाणं आता फार दुर्मिळ आहे. खरा धोका पुढच्या दोन आठवड्यांत असतो.

तीन जोडांपैकी स्वादुपिंडाचा जोड सगळ्यात बेभरवशाचा. मऊ ग्रंथीत टाका धरत नाही, आणि त्यातून जो रस गळतो तो पचवणारा रस आहे, आजूबाजूला जे असेल ते पचवायला लागतो. म्हणून पोटात ड्रेनच्या नळ्या ठेवतात आणि तिसऱ्या दिवशी ड्रेनमधल्या पाण्यात अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसातलं पाचक द्रव्य, तपासतात. चांगल्यातल्या चांगल्या सर्जनच्या हातूनही काही जोड गळतातच. गळणाऱ्यांपैकी काहींत तो रस जवळच्या धमनीचं बांधलेलं टोक कुरतडतो. आधी ड्रेनमध्ये चमचा-दोन चमचे लालसर रक्त येतं. मग थांबतं. सगळे निवांत होतात. आणि काही तासांनी, कधी एखाद्या दिवसाने, धबधब्यासारखा रक्तस्राव होतो. ते पहिलं चमचाभर रक्त हाच इशारा असतो. त्या मधल्या वेळात सीटी अँजिओग्राफी करून, मांडीतल्या धमनीतून बारीक नळी वर नेऊन ती फुटकी जागा बंद केली तर माणूस वाचतो. तेवढा वेळ हातचा गेला तर सगळं अवघड होऊन बसतं.

एक रात्र सांगतो. व्हिपलच्या पेशंटचा सातवा दिवस, रात्रीचे दोन-अडीच. आयसीयूतल्या सिस्टरने ड्रेनची पिशवी टॉर्च मारून पाहिली आणि ड्युटी डॉक्टरला उठवलं: 'सर, संध्याकाळी पाणी पिवळसर होतं, आता तळाशी लाल दिसतंय.' पंधरा मिली असेल नसेल. नाडी, बीपी सगळं ठीक. पेशंट झोपलेला. ड्युटी डॉक्टरने सर्जनला फोन लावला, सर्जनने 'सकाळी बघू' म्हटलं नाही, तासाभरात पेशंट सीटीच्या टेबलावर होता. पहाटे धमनीचा फुगा बंद केला. त्या सिस्टरने असे पेशंट पुष्कळ पाहिले होते, म्हणून तिला ते लाल दिसलं. दुसऱ्या एका ठिकाणी अशाच पेशंटच्या कागदावर मी सकाळी 'ड्रेन ३० मिली' एवढीच नोंद पाहिली आहे, रंग लिहिलेलाच नव्हता. सिस्टर कामसू होती, त्या रात्री नऊ पेशंट एकटीने सांभाळत होती. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की या पेशंटच्या बाबतीत मापापेक्षा रंग महत्त्वाचा आहे. सर्जन दोन्हीकडे उत्तम होते.

या अनुभवाला आकड्यांचा आधार आहे. २००९ मध्ये घाफेरी, बर्कमायर आणि डिमिक यांनी मोठ्या ऑपरेशन्सनंतर जिथे कमी पेशंट दगावतात आणि जिथे जास्त दगावतात अशा हॉस्पिटलांची तुलना केली. आपल्याला वाटेल, चांगल्या ठिकाणी गुंतागुंत कमी होत असेल. तसं नव्हतं. गुंतागुंत चांगल्या ठिकाणी २६.९ टक्के, वाईट ठिकाणी २४.६ टक्के, म्हणजे जवळपास सारखीच. पण मोठी गुंतागुंत झालेल्यांपैकी दगावले किती? एकीकडे १२.५ टक्के, दुसरीकडे २१.४ टक्के. बिघडलेला पेशंट वेळेत ओळखून बाहेर काढता येतो की नाही, तिथे सगळा फरक पडला. माझ्या मते वर्षाच्या संख्येतून हॉस्पिटलला जे मिळतं त्यातला सगळ्यात मोलाचा भाग हाच: सर्जनच्या हातापेक्षाही रात्रपाळीच्या डोळ्यांना पडलेली सवय.

म्हणूनच 'सर्जन किती करतात' आणि 'इथे किती होतात' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पेनसिल्व्हेनियातल्या हृदयाच्या सर्जन्सवर हकमन आणि पिसानो यांचा २००६ मधला एक अभ्यास मला फार पटतो. अनेक सर्जन एकाहून जास्त हॉस्पिटलांत ऑपरेशन करत. एखाद्या हॉस्पिटलात त्यांच्या केसेस वाढल्या की तिथले निकाल सुधारायचे, पण दुसऱ्या हॉस्पिटलात त्याच सर्जनला त्याचा विशेष फायदा मिळायचा नाही. सर्जनचा अनुभव पूर्णपणे त्याच्या बॅगेतून येत-जात नाही. त्यातला काही भाग तिथल्या सिस्टर, तिथला भूलतज्ज्ञ, तिथली ब्लड बँक यांच्यात मुरलेला असतो.

हे नागपूरला नीट लागू पडतं. आपल्याकडे मुंबई-हैदराबादहून मोठे सर्जन येतात, सकाळच्या विमानाने उतरतात, दोन केसेस करतात, संध्याकाळच्या विमानाने जातात. त्यांच्या हाताबद्दल शंका नाही, आणि काही ऑपरेशन्सना ही व्यवस्था अगदी चालते. व्हिपलला मला ती चालत नाही. सातव्या रात्री अडीच वाजता ते सर्जन दुसऱ्या शहरात झोपलेले असतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ड्रेनचा फोटो पाठवून निर्णय घेण्यात एक-दोन तास सहज जातात.

इथवरचं ऐकून तुम्ही म्हणाल, मग गर्दी जिथे जास्त तिथे जावं. थांबा, मामांच्या म्हणण्यातही तथ्य आहे.

वर्षभरात जमलेला अनुभव वेगळा आणि एका दिवसात उरकलेली संख्या वेगळी. नोव्हेंबर २०१४ मध्ये आपल्या शेजारच्या छत्तीसगडमध्ये, बिलासपूरजवळच्या नसबंदी शिबिरात एका सर्जनने काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशन्स केली. त्या दिवसांतल्या शिबिरांनंतर १३ जणी गेल्या. कारण जंतुसंसर्ग की दिलेली औषधं, यावर पुढे बराच वाद झाला. पण एका डॉक्टरने दिवसाला ३० च्या पुढे जाऊ नये हा सरकारी नियम आधीपासून होता आणि तो धाब्यावर बसवला गेला, हे उघड आहे. त्याच सर्जनचा त्याच वर्षी हजारो नसबंदी ऑपरेशन्स केल्याबद्दल सरकारी सत्कारही झाला होता. अनुभवाची कमतरता नव्हतीच.

उलट मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय घ्या. १९७६ पासूनचं. तिथे एका टेबलावर मोतीबिंदू काढणं चालू असताना शेजारच्या टेबलावर पुढचा पेशंट तयार असतो, सर्जन एकीकडून दुसरीकडे वळतो. संख्या अवाढव्य, तरी जगभरचे लोक तिथे शिकायला जातात. कारण उपकरणांचे संच, निर्जंतुकीकरण, सहायकांचं प्रशिक्षण हे सगळं त्या संख्येसाठीच उभं केलेलं आहे. म्हणजे संख्या वाढताना हात आणि डोळेही वाढले का, हे पाहायचं. याच संदर्भात २००२ चा एकन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आहे: नर्समागे एक पेशंट वाढला की ऑपरेशनचा पेशंट दाखल झाल्यापासून महिन्याभरात दगावण्याची शक्यता साधारण ७ टक्क्यांनी वाढते. तुमच्या मोठ्या हॉस्पिटलचा आयसीयू चकाचक असेल, पण रात्री एका सिस्टरकडे किती पेशंट असतात हे विचारल्याशिवाय मी त्याला मार्क देणार नाही. अनुभवी सिस्टर्स दर सहा महिन्यांनी नोकरी सोडून जात असतील तर वर्षभरात जमलेला अनुभवही त्यांच्याबरोबर जातो. हे आपल्या शहरात सर्रास होतं आणि त्यावर कोणी फारसं बोलत नाही.

आता छोट्या हॉस्पिटलच्या बाजूने. वर्षाला तीन-चार करणारे सर्जन वाईट, असा अर्थ काढू नका. त्यातले काही मोठ्या केंद्रात शिकून आलेले आहेत आणि हाताला सुरेख आहेत. अडचण अशी की ते चांगले आहेत की नाही हे त्यांच्या आकड्यांवरून कळायला मार्गच नाही. समजा ते म्हणाले, 'गेल्या तीन-चार वर्षांत बारा केले, एकही पेशंट गेला नाही.' ऐकायला उत्तम. पण आमच्याकडे एक साधा हिशेब असतो: शून्य मृत्यू असतील तर ३ ला केसेसच्या संख्येने भागा. जो आकडा येतो, खरं मृत्यूचं प्रमाण जास्तीत जास्त साधारण तेवढं असू शकतं. ३ भागिले १२ म्हणजे २५ टक्के. म्हणजे बारापैकी शून्य हे फळ, खरं मृत्यूचं प्रमाण २ टक्के असलं तरी मिळू शकतं आणि २० टक्के असलं तरी नशिबाने मिळू शकतं. उलट चारपैकी एक पेशंट गेला म्हणून सर्जन नालायक असंही ठरत नाही. निकालाचा आकडा बोलायला लागण्याइतक्या केसेसच नसतात, तेव्हा संख्या हाच त्यातल्या त्यात हाती येणारा निकष उरतो. तो फार चांगला निकष आहे असं माझंही म्हणणं नाही.

संख्या वाढली म्हणून निकाल सुधारले, की निकाल चांगले म्हणून लोक तिकडे पाठवले गेले आणि संख्या वाढली? दोन्ही थोडंथोडं खरं असणार, संशोधकांचा यावर चाळीस वर्षं खल चालू आहे. पेशंटच्या मुलाला मात्र हा वाद सोडवायची गरज नाही. कारण कोणतंही असो, तुम्ही जाणार त्याच हॉस्पिटलात.

आणखी एक गोष्ट आशेची. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या ऑपरेशनसाठी केंद्राला वर्षाला किमान २० केसेसची अट आहे, म्हणजे सगळी केंद्रं अनुभवीच. तरी तिथे १७ केंद्रांत रोज ठरावीक तपासण्या करून, ठरावीक निकषांवर लगेच सीटी आणि अँटिबायोटिक असा एक क्रम लावून पाहिला. २०२२ मध्ये त्याचे निकाल आले: मोठा रक्तस्राव, अवयव निकामी होणं किंवा मृत्यू, हे मिळून प्रमाण १४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आलं. सर्जन तेच, हात तेच. यावरून मला असं वाटतं की एखाद्या मध्यम संख्येच्या हॉस्पिटलने ही शिस्त मनापासून पाळली तर ते नुसत्या गर्दीच्या हॉस्पिटलपेक्षा बरं ठरू शकतं. आपल्याकडे किमान संख्येची अशी सक्ती नाही आणि निकाल जाहीर करायची पद्धतही नाही, त्यामुळे चौकशी तुम्हालाच करावी लागणार.

तर विचारायचं काय? दोन्ही ठिकाणी सरळ विचारा: 'डॉक्टरसाहेब, गेल्या वर्षी व्हिपल तुमच्या हातून किती झाले, आणि त्यातले इथे किती?' मग दुसरा प्रश्न: 'सातव्या रात्री ड्रेनमधून रक्त आलं तर कोण येतं, किती वेळात? अँजिओग्राफी करून रक्तवाहिनी बंद करणारे डॉक्टर इथलेच आहेत की बाहेरून बोलवावे लागतात?' माझ्या लेखी हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा. 'ते फलाण्या सेंटरला पाठवू' असं उत्तर आलं तर त्या सेंटरपर्यंत रात्री ॲम्ब्युलन्सने रक्त देत देत जाणारा पेशंट डोळ्यांसमोर आणा. आयसीयूत रात्री एका सिस्टरकडे किती पेशंट, तिथे रात्रभर थांबणारा डॉक्टर भूलशास्त्र किंवा मेडिसिनचा आहे का, आणि डिस्चार्जनंतर घरी ताप आला तर थेट फोन कोणाला करायचा, हेही विचारा. प्रश्नाने चिडणारे डॉक्टर भेटतील. शांतपणे आकडा सांगून 'आमच्याकडे ही सोय नाही, तुम्ही अमुक ठिकाणी दाखवा' म्हणणारेही भेटतील, आणि धंतोलीतले तुमचे सर्जन तसेच निघाले तर त्यांना मनातून नमस्कार करा. आईच्या पित्ताशयासाठी त्यांच्याकडे गेलात ते बरोबरच होतं.

हेच प्रश्न मेडिकलला (नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजला), मिहानच्या एम्सला, जामठ्याच्या कॅन्सर हॉस्पिटलला, खासगी कॉर्पोरेटला, सगळीकडे सारखेच लागू. सरकारी की खासगी यावरून उत्तर ठरत नाही. मुंबईला टाटा मेमोरियलला जायचा विचार असेल तर विदर्भ एक्स्प्रेस तुमच्या भंडारा रोडलाच थांबते, मत घ्यायला जरूर जा. पण तिथे ऑपरेशन करायचं तर महिना-दीड महिना मुंबईत राहण्याची सोय, सोबत दोन माणसं, आणि परत आल्यावर काही बिघडलं तर इथे कोण पाहणार, हे आधी ठरवा. चांगल्या ठिकाणी ऑपरेशन होऊन गावी परतलेला आणि तिथे गळतीचा ताप मलेरियाच्या गोळ्यांनी काढणारा पेशंट मी पाहिला आहे. पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेत हॉस्पिटल आहे एवढ्यावर थांबू नका. आरोग्यमित्राला विचारा की या विषयासाठी आणि या ऑपरेशनसाठी ते हॉस्पिटल मंजूर आहे का.

तीन आठवड्यांच्या प्रतीक्षेची तुमची भीती मला समजते. एवढ्या उशिराने गाठीच्या बाबतीत किती फरक पडेल हे सीटी पाहणाराच सांगेल, पण सहसा दोन-तीन आठवड्यांसाठी चुकीचं ठिकाण निवडण्यात शहाणपण नसतं. यात खरा अडथळा काविळीचा असतो. कावीळ उतरवायला एंडोस्कोपीतून पित्तनळीत स्टेंट, म्हणजे बारीक नळी, टाकतात आणि तो टाकला की घाई संपली असं सगळ्यांना वाटतं. पण स्टेंट फुकटचा नाही. २०१० मध्ये डच अभ्यासात, बिलिरुबिन (रक्तातली कावीळ मोजायचा आकडा) साधारण २.३ ते १४.६ असलेल्यांना सरसकट स्टेंट टाकून नंतर ऑपरेशन केलं तर गंभीर गुंतागुंत ७४ टक्क्यांत झाली, थेट ऑपरेशन केलेल्यांत ३९ टक्क्यांत. म्हणून 'तारीख लांब आहे, तोवर स्टेंट टाकून घ्या' असं कोणी सांगितलं तर जे सर्जन ऑपरेशन करणार आहेत त्यांना आधी विचारा. थंडी वाजून ताप येत असेल, बिलिरुबिन फार चढलं असेल किंवा आधी केमो द्यायची असेल तर स्टेंट लागतोच, ती गोष्ट वेगळी. आणि स्वादुपिंडाचा नीट सीटी स्टेंटच्या आधी झालेला असावा, स्टेंटनंतर चित्र गढूळ होतं.

हे सगळं ठरवून करायच्या ऑपरेशनबद्दल झालं. आतडं फुटलं, हर्निया अडकला, अपघात झाला, अशा वेळी आकडे विचारत बसू नका, जवळच्या सोय असलेल्या ठिकाणी धावा.

जाताना सीटीचा नुसता रिपोर्ट नेऊ नका, सीडी न्या. सर्जनला चित्रं पाहायची असतात. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे, म्हणून वडिलांची ती तपासणी झाली नसेल तर करून घ्या. सिकलसेलच्या पेशंटला लांबलचक ऑपरेशनमध्ये ऑक्सिजन, अंगातलं पाणी आणि शरीराचं तापमान फार काटेकोर सांभाळावं लागतं, आणि 'असे पेशंट तुम्ही किती केलेत' हा प्रश्न मग भूलतज्ज्ञालाही विचारायला हवा. साखर तपासून घ्या, स्वादुपिंडाच्या गाठीत ती अचानक वाढलेली निघते. बिडी असेल तर आजपासून बंद. आणि वडील खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खात असतील तर घरीच पाहा, तोंड उघडल्यावर समोरच्या दातांमध्ये त्यांचीच तीन बोटं उभी मावतात का. मावत नसतील तर भूल देताना श्वासनळीत नळी टाकणं अवघड जातं, दुर्बिणीची वेगळी तयारी लागते. ते ऑपरेशनच्या सकाळी टेबलावर कळण्यापेक्षा पहिल्याच भेटीत भूलतज्ज्ञाला सांगा.